गरम नको, गारच पाणी

डिस्पोजल म्हणजे सिंकखाली बसवलेलं, खरकटं बारीक करणारं यंत्र. ते चालवताना गरम पाणी सोडा म्हणजे तूप वितळून जाईल, असा सल्ला काही जण देतात, पण मला तो पटत नाही. वितळलेलं तूप पुढे भिंतीतल्या गार पाइपात थिजतं आणि तिथे आपला हात पोचत नाही. गार पाण्यात ते घट्ट राहून तुकड्यांनी वाहून जातं. कढईतलं तेल मात्र कागदाने पुसून कचऱ्यातच टाका. आणि बर्फाने पात्यांना धार येते म्हणाल, तर आत धारदार पाती नसतातच. फिरत्या तबकडीवरचे बोथट लोखंडी तुकडे कचरा कडेच्या खरखरीत कड्यावर आपटतात. म्हणून शेवग्याचा चोथा, मक्याची सालं, कोथिंबिरीचे देठ कापले न जाता गुंडाळून बसतात. आपल्या घरांत त्याहून वाईट भात! शितं फुगून सिंकखालच्या वाकड्या पाइपात लगदा होतो.

मोटर न फिरता नुसतीच घूंऽघूं करत असेल तर लगेच बंद करा, नाहीतर ती जळेल. बऱ्याच मॉडेलांना बुडाशी मधोमध षट्कोनी भोक असतं. त्यात पाव इंची ॲलन की (षट्कोनी टोकाची वाकडी किल्ली) घालून मागेपुढे फिरवा, अडकलेलं चिमट्याने काढा, मग खालचं लाल बटण दाबा. आमचं बहुतेक वेळा एवढ्यानेच सुरू होतं, प्लंबर लागत नाही. आत हात मात्र कधीच घालू नका.