टेकडीवर चालणारे, सायकलवाले आणि आजी-आजोबा, सगळ्यांना एकच वाट पुरेल का?

टेकडीभक्त_बाणेर:
मंडळी, आमच्या चार-पाच सोसायट्यांचं चाललंय की पुण्यातल्या बाणेर टेकडीवर आणि खाली रामनदीच्या कडेनं फिरायला सलग वाट व्हावी, सगळ्यांना वापरता येईल अशी. मीटिंगला एकजण थेट तीन मीटर रुंद पेव्हर ब्लॉक, दिवे, बाकडी असं चित्रच काढून घेऊन आला. इकडे मागच्या आठवड्यात उतारावर एक सायकलवाला मागून असा सुसाट आला की दचकून आईचा चष्माच पडला. सुरुवात कुठनं करायची?

रिटायर्ड_ओव्हरसियर:
चित्र गुंडाळून ठेवा आधी. पावसाळ्यात टेकडीवर जा आणि पाणी कुठनं वाहतंय ते बघा. लोक सरळ चढतात, पाणी पण त्याच वाटेनं सरळ उतरतं, दोन पावसाळ्यांत मुरूम वाहून गुडघाभर घळ पडते, मग लोक घळीच्या बाजूनं चालतात आणि एका वाटेच्या तीन होतात. वाट उताराला आडवी, तिरकी न्यायची. साधारण १० मीटर चाललं की १ मीटर चढ, त्याहून जास्त नको, आणि डोंगराचा उतार जेवढा असेल त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ कमीच पाहिजे. बाहेरच्या कडेला जरासा कल ठेवा, मधेमधे वाट थोडी खाली उतरवून परत चढवा, पाणी तिथंच बाहेर पडतं. पेव्हर टेकडीवर नकोच. खालची माती वाहिली की ते दातांसारखे हलतात. आणि दिवे कशाला, घुबडांना वाचायचंय का?

गिअर_अडकला:
तुमच्या आईंची सायकलवाल्यांतर्फे माफी मागतो, तो मी नव्हतो 🙏 पण घंटी वाजवा सांगून काही होत नाही, उतार सरळ असला की ब्रेक मारला तरी मुरमावर चाक गोट्यांवरनं गेल्यासारखं घसरतं. चढायला सगळ्यांची एक वाट ठेवा, उतरायला सायकलची वेगळी, वळणावळणाची, आणि दोन्ही जिथं मिळतात तिथं लांबून दिसलं पाहिजे, झुडूप नको. रविवारी सकाळी सहा ते नऊ आम्ही वर येत नाही असंही ठरवता येईल.

पाषाणची_माई:
टेकडीवर सगळ्यांना नेण्याचा अट्टाहास का? व्हीलचेअरला २० मीटरला १ मीटर चढ झाला तरी दम निघतो. त्यांच्यासाठी नदीकाठ घ्या, घट्ट दाबलेली सपाट वाट, दर शंभर पावलांवर बसायला कट्टा. फक्त रामनदीला २०१० ला काय पूर आला होता ते विसरू नका, पूररेषेत पक्कं काही बांधू नका. आणि स्वच्छतागृह? तुमच्या मीटिंगला बायका किती होत्या?

रिटायर्ड_ओव्हरसियर:
माई बरोबर बोलल्या. शिवाय सर्व्हे नंबर काढा, कुठं वनविभाग, कुठं बीडीपी (जैवविविधता उद्यानासाठी राखलेली जमीन), कुठं खाजगी ते कळेल. वनजमिनीवर पक्कं बांधकाम म्हटलं की १९८० चा वन संवर्धन कायदा आडवा येतो. आहे ती पायवाट दुरुस्त करतो म्हणून वनविभागाशी बोललात तर निदान ऐकून तरी घेतात.

टेकडीभक्त_बाणेर:
मीटिंगला बायका दोन होत्या माई, त्यातली एक चहा देत होती, लाज वाटली वाचून. रविवारी सहाला सगळे मोबाईलवर जीपीएस लावून आहेत त्या पायवाटा चालून काढतोय. पेव्हरवाले पण येतायत, त्यांना घळ दाखवतो.

गिअर_अडकला:
येतो. चालत.