ब्रिक लेनवरची एक इमारत

‘लंडनमध्ये इंग्रज माणूस शोधावा लागतो’ असे आपण आपल्या लेखात लिहिले आहे. गोव्यातल्या म्हापशाहून पहिल्यांदाच तिथे गेलेल्या माझ्या मनावर मात्र निराळा ठसा उमटला. व्हाइटचॅपल स्थानकाच्या नावाची बंगाली पाटी पाहून मी थबकलो. जवळच ब्रिक लेनवर, फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्यूगेनॉट प्रॉटेस्टंटांनी १७४३ मध्ये बांधलेले प्रार्थनामंदिर पुढे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाकडे गेले, १८९८ मध्ये ज्यूंचे सिनेगॉग झाले आणि १९७६ पासून तिथे बांगलादेशी समाजाची मशीद आहे. भिंतीवरचे १७४३ चे सूर्यघड्याळ अजूनही जागच्या जागी आहे. पोर्तुगीजांच्या धर्मछळामुळे मंगेशाला कुठ्ठाळीहून जुवारी नदीपार प्रियोळात न्यावे लागले, ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या भिंतीसमोरून पाऊल उचलणे खरोखरच कठीण जाते.