डेलाव्हिएगाचे चढउतार आणि झाडी: सपाट मैदानावरच्या माणसाने कसं खेळावं?

सनीवेलकर:
नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी ऑफिसातल्या मित्रांबरोबर कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या डेलाव्हिएगा कोर्सवर डिस्क गोल्फ (चेंडूऐवजी चकती फेकत कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ) खेळायला जातोय. आजवर सगळं सपाटीवर झालंय. उजव्या हाताचा बॅकहँड (हात छातीसमोरून आणून फेकायचा), जोर लावला तर अडीचशे फूट. फोरहँड (हात बाजूने आणून) जेमतेम. बॅगेत लांब फेकायच्या डिस्ट्रॉयर आणि लेपर्ड, मधल्या पल्ल्याची रॉक आणि बास्केटजवळ वापरायची एव्हिअर. व्हिडिओत बघितलं तर नुसते ओक आणि दऱ्या. चढावर-उतारावर काय बदलायचं? आणि टीवरून (पहिली फेक करायच्या जागेवरून) मारायचं तरी कुठे?

घाटावरची:
१९८४ सालचं कोर्स आहे ते, ताकदवान लोकांनाही अजून रडवतं. डिस्ट्रॉयर बॅगेच्या तळाशी टाक. १२ स्पीडची, म्हणजे खूप जोरात फेकायची डिस्क, तुझ्या हाताने तिला लागतो तेवढा वेग मिळणार नाही, मग ती लवकर डावीकडे कलणार. झाडीत तर पहिल्या खोडालाच भेटणार.

टीवर उभा राहिलास की बास्केटकडे बघूच नकोस. आधी झाडांमधली फट शोध आणि फटीपलीकडे डिस्क कुठे थांबेल ते ठरव. दीडशे फुटांवर मोकळी, सपाट जागा दिसली तर रॉकने तिथवरच जा. मित्र हसतील, हसू देत.

चढावर सगळेजण डिस्क वर फेकायला जातात आणि तिचं नाक, म्हणजे पुढची कड, उचललं जातं. ती हवेत अडते आणि मागे घसरत येते. खांदे चढाच्या रेषेत कलव, नाक खाली ठेव. चढावर वेग लवकर मरतो, म्हणून डावीकडचं वळणही लवकर येतं. तिथे कमी वेगातही सरळ जाणारी लेपर्ड बरी. अंतराचा ढोबळ हिशेब असा की दर फूट चढाला तीन फूट जास्त धरायचे. उतारावर उलट: डिस्क जास्त वेळ हवेत राहते, भरकटायला तिला भरपूर सवड मिळते. तिथे रॉक, आणि अर्धाच जोर.

पण इथे खरे स्ट्रोक (जादा फेकी) जातात ते बास्केटजवळ. उन्हाळ्यात जमीन टणक असते. डिस्क कडेवर पडली की चाक होऊन जी सुटते ती थेट दरीच्या तळाशी. म्हणून अ‍ॅप्रोच (बास्केटजवळ नेणारी फेक) असा टाक की पुढचा पट (बास्केटमध्ये टाकायची जवळची फेक) चढाच्या दिशेने येईल. खालून मारलेला पट चुकला तर डिस्क बहुधा समोरच्या उतारावर आपटून जवळपास राहते. वरून मारलेला चुकला तर परत तीस-चाळीस फूट. वरूनच मारायची वेळ आली आणि बास्केटमागे घसरण असेल, तर साखळ्यांचा मोह सोड, एव्हिअर अलगद बास्केटच्या पायथ्याशी ठेव आणि पुढच्या थ्रोला आत टाक. मी तरी हेच करते, आणि माझ्याहून लांब फेकणाऱ्या पोरांना हरवते.

पेणचापरशा:
ताईंनी डिस्कचं सांगितलं, मी अंगाचं सांगतो. तिथे पॉयझन ओक आहे. तीन-तीन पानांचा झुबका दिसला की हात लांब. आपला बिब्बा याच कुळातला, आंबा-काजूही त्यातलेच. कोकणात बिब्बा उतलेला माणूस बघितला असशील तर जास्त सांगायला नको. तेल डिस्कलाही चिकटतं, नंतर डिस्क आणि हात साबणाने धू. फुलपँट घाल.

आणि नियमाचं एक: आड येणारी फांदी मोडायची नाही, हाताने वाकवून बाजूला धरायचीही नाही. दहा मीटरच्या आत पट केल्यावर तोल सावरून मगच पुढे पाऊल टाकायचं. उतारावर हे वाटतं तितकं सोपं नाही, बूट चांगले हवेत.

सनीवेलकर:
धन्यवाद ताई, दादा! पण २७ नंबरला, त्या ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ला, तरी डिस्ट्रॉयर काढू ना? समोर मॉन्टरे बे, बास्केट कुठच्या कुठे खाली...

घाटावरची:
काढ बाबा. तिथे रॉक मारायला सांगण्याइतकी मी दुष्ट नाही. फक्त आधी समुद्राकडून वारा किती येतोय ते बघ, समोरून असेल तर डिस्क थोडी कमी उंचीवर ठेवून मार. डिस्कच्या पोटावर नाव आणि फोन नंबर लिहिलेला हवा. आणि तुमच्यातला एकजण आधीच खाली जाऊन उभा राहू दे. वरून डिस्क कुठे पडली ते नीट कळत नाही, आणि मागचा गट ताटकळला की ओरडतो.