इंग्लिशमधला 'मर्थ' (mirth) म्हणजे नक्की काय? होमस्टेच्या पाटीवर घालू का?

बार्देसकार_७२
नमस्कार मंडळी, बारीकसा प्रश्न आहे, हसू नका (प्रश्नच हसण्याबद्दल आहे म्हणा). आमचं घर म्हापशाजवळ, दोन खोल्या पाहुण्यांना देतो. यंदा चवथीला इंग्लंडचं एक वयस्क जोडपं होतं, माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट) बांधताना बघितली, रात्री घुमट (मातीचं वाद्य) वाजवून आरती झाली, मग बायका फुगडीला उभ्या राहिल्या आणि त्या आजीबाईंनाही ओढलं, त्या गरगरून सोप्यावर (ओसरीतल्या बसायच्या कट्ट्यावर) बसल्या त्या हसायच्या थांबेचनात, आणि आमची आई तोंडाला पदर लावून. जाताना वहीत लिहून गेले की तुमचं घर 'मर्थ'ने भरलेलं आहे. मी घाईत 'मर' (myrrh) वाचलं, म्हणजे बाळ येशूला तीन राजांनी आणलेला तो गंधरस, रेईश मागूशच्या चर्चच्या फेस्ताला ऐकलेलं होतं, म्हटलं आम्ही तर साधी अगरबत्ती लावलेली!! डिक्शनरीत 'आनंद, हर्ष' दिलंय. मग जॉय, हॅपीनेस आणि ह्यात फरक काय? मुलगा म्हणतो पाटीवर 'हाऊस ऑफ मर्थ' लिहूया, भारी वाटतं. पेंटर शुक्रवारी येणार आहे, लवकर सांगा.

फोंड्याची_टीचर
दादा, डिक्शनरीने अर्धंच सांगितलं. जॉय गप्प बसून पण होतो, मुलीला नोकरी लागली की डोळ्यांत पाणी येतं तो जॉय. मर्थला आवाज लागतो, चार माणसं लागतात, हशा लागतो. 'हास्यविनोद' जवळचा शब्द आहे पण जरा सुका वाटतो, मी वर्गात 'खसखस पिकली' असं सांगते, मुलांना लगेच कळतं. मेरी ख्रिसमसमधल्या 'मेरी'चंच हे भावंड, वॉर्मचं वॉर्मथ, ट्रूचं ट्रूथ होतं तसं मेरीचं मर्थ. उच्चार आपल्या 'अर्थ'ला म लावला की जवळपास झाला, फक्त थ म्हणताना जीभ दातांत यायला पाहिजे. अनेकवचन करू नका, 'मर्थ्स' होत नाही. आणि हा पुस्तकी शब्द, बाजारात कोणी 'आज मी फुल ऑफ मर्थ' म्हणत नाही, म्हणाल तर लोक वळून बघतील. तुमच्या पाहुण्यांनी मात्र अगदी बरोबर वापरलाय, फुगडीला दुसरा शब्दच नाही.

कोरडं_हसू
जपून हां. पेपरात 'त्याच्या बोलण्याने मर्थ झाला' असं आलं की लोक त्याच्यावर हसले असाच अर्थ बऱ्याचदा निघतो, म्हणजे भाषणाच्या बातमीत कंसात 'हशा' छापतात ना, तसलं. मी स्वतः भोगलंय. आमच्या ऑफिसात (नाव नको) साहेबांचा सेंडऑफ होता आणि मी इंग्लिश झाडायला गेलो, म्हटलं सरांचे निर्णय आम्हा सगळ्यांना 'सोर्स ऑफ ग्रेट मर्थ' होते. मला म्हणायचं होतं आनंदाचे. साहेब हसले, पण ते हसणं 'मर्थलेस' होतं, म्हणजे ओठ हलले, डोळे नाही. हा 'मर्थलेस' मात्र आजही कथाकादंबऱ्यांत दिसतो.

वाचनकिडा_पणजी
पेंटरला थांबवा आधी!! 'द हाऊस ऑफ मर्थ' ही एडिथ व्हार्टनची १९०५ ची कादंबरी आहे, न्यूयॉर्कच्या श्रीमंत समाजातली. नाव ऐकून गंमतजंमत वाटते पण त्यातली लिली बार्ट एकेक पायरी खाली घसरत जाते, शेवटी एका भाड्याच्या खोलीत झोपेचं औषध जास्त होऊन जाते. आणि ते नाव आलंय बायबलमधून, उपदेशक ७ वा अध्याय, तिथं साधारण असं आहे की शहाण्याचं मन शोकाच्या घरात असतं आणि मूर्खाचं मन मर्थच्या घरात. आता तुमच्याकडे येणारा पाहुणा वाचणारा निघाला तर पाटी बघून तो बॅग उघडायच्या आधी विचार करील की आपण कुठल्या घरात आलो. 😄

फोंड्याची_टीचर
अगदी! आणि इंग्लिशच कशाला पाहिजे, आपला कोंकणी 'सोपो' लिहा की. आजीबाई बसल्या कुठे, सोप्यावरच ना.

बार्देसकार_७२
बापरे, वाचलो. पेंटरला फोन केला, तो म्हणतो 'सोपो' दोनच अक्षरं म्हणून पैसे कमी करणार नाही, बोर्ड तेवढाच लागतो. मुलगा जरा नाराज आहे पण लिलीचं ऐकून गप्प झाला. टीचरबाई, तुमचं ते आईला सांगितलं, म्हटलं गोऱ्या आजीने लिहिलंय की आपल्या घरात खसखस पिकते. तर आई म्हणते, "खसखस नेवऱ्यांत घातलेली, ती तिला बरी कळली!"