मदत हवी आहे: अमेरिकेतल्या फेडरल कोर्टात कॉपीराइटचा दावा

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण नाशिकला असते, चित्रकार आहे. न्यू जर्सीतली एक कंपनी तिची चित्रं न विचारता उशांच्या अभ्र्यांवर छापून विकते आहे. पत्राला उत्तरसुद्धा नाही! अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या निकालानुसार अमेरिकी कलाकृतीची कॉपीराइट नोंदणी दाव्याआधी पूर्ण झालेली लागते. परदेशी कलाकृतीला ती अट नाही. पण चित्रं पहिल्यांदा इंटरनेटवरच प्रसिद्ध झाली, मग कोर्ट ती परदेशी धरतं का? कॉपीराइट क्लेम्स बोर्डाचा (छोटे कॉपीराइट दावे कोर्टाबाहेर ऐकणारं तिथलं सरकारी मंडळ) रस्ता स्वस्त आहे, ३०,००० डॉलरपर्यंत भरपाई मिळते, पण समोरचा ६० दिवसांत अंग काढून घेऊ शकतो. तिची मेहनत अशी लुटली जाताना बघवत नाही. असा दावा कुणी लढलंय का? भरपाई मिळाल्यावरच फी घेणारे वकील तिकडे भेटतात का?