मदत हवी आहे: टीव्हीवरच्या क्विझमध्ये प्रश्नावर हरकत कशी घ्यायची?

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेचा नववीचा संघ कोल्हापुरातल्या एका केबल वाहिनीच्या प्रश्नमंजूषेत खेळतोय. परवा प्रश्न आला, ‘पंचगंगा किती नद्यांची मिळून होते?’ आमच्या मुलीनं बझर दाबून ‘चार’ सांगितलं, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशी नावंही घडाघडा म्हटली. निवेदकांनी ‘पाच’ म्हणून गुण कापले. पाचवी सरस्वती, ती गुप्त मानलेली. प्रयाग चिखलीच्या संगमावर ती पोरांना दाखवायची कशी? ‘परंपरेनुसार’ एवढा एक शब्द प्रश्नात असता तर वादच नव्हता.

दुसरा प्रश्न, ‘शाहू महाराज गादीवर कधी आले?’ एका संघाचं उत्तर १८८४, म्हणजे दत्तकविधानाचं साल. दुसऱ्याचं १८९४, राज्यकारभार हाती घेतल्याचं. माझ्या मते दोघांनाही गुण मिळायला हवे होते.

ब्रिटनच्या ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ या टीव्हीवरच्या क्विझमध्ये प्रश्न मध्येच तोडून चुकीचं उत्तर दिलं तरच पाच गुण जातात, पूर्ण ऐकून चुकलं तर जात नाहीत. इथं असलं काहीच लिहून दिलेलं नाही. मुलं महिनोन्महिने राबतात हो.

पुढच्या चित्रीकरणाआधी आयोजकांना पत्र द्यायचंय. हरकत तिथल्या तिथं घ्यावी की फेरी संपल्यावर? निर्णय कुणाचा असावा? प्रश्न काढणाऱ्याचाच असेल तर मला ते पटत नाही. कुणी अशा स्पर्धांचे प्रश्न काढले असतील किंवा कुणाकडे छापील नियमावली असेल तर कृपया पाठवा.