आधी शाळा, मग पैसा

"पैसा आला की मुलं आपोआप कमी होतात" असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. केरळचा जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, १९९० च्या सुमारास २.१ पर्यंत उतरला तेव्हा ते राज्य श्रीमंत नव्हतं. मुली शिकत होत्या, एवढंच.

आमच्याच घरी बघा ना. कळव्याच्या चाळीत आजीला सहा मुलं. आई दहावी झाली, आम्ही दोघी बहिणी. मी ऐरोलीत नोकरी करते, मला एकच लेक. दुसऱ्याचा विषय निघाला की पाळणाघर आठवतं: ते सातला बंद होतं आणि मी ठाण्याला उतरते सव्वासातला!

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ आहे. मुलं इतकी कमी झाली तर पुढे कामाला माणसं कमी पडतील ही काळजी खरीच, पण म्हणून बायकांना घरी बसवू नका. पाळणाघरं उशिरापर्यंत चालू ठेवा.